दारातल्या माणसाचं तिसरं कडवं

आडव्या मांडलेल्या स्टील गिटारच्या तारांवरून ओडेल पोलादी कांडी सरकवायचा, तेव्हा स्वर एकदम जागेवर बसत नसे. किंचित खाली थांबे, थरथरे, मग वर चढे. व्हर्लीनचं लक्ष नेहमी त्या खालच्या थांब्याकडे असायचं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, तिच्या स्वयंपाकघरात बसून दोघं गाणी रचत. एका संध्याकाळी निघताना ओडेल हॅट हातात धरून जाळीच्या दारात थबकला.

"व्हर्लीन, रोजचं हे जाणं पुरे झालं. मी इथंच राहिलो तर? लग्न करून, रीतसर."

दाराशी क्लेटनचे बूट होते. तो, तिचा नवरा, वारला तरी ते तिनं हलवले नव्हते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "सांगते."

सांगायचं राहिलं. त्याऐवजी तिनं दोन कडवी लिहिली. दारातला माणूस, आणि बुटांकडे बघत बसलेली बाई. ओडेलनं ती वाचली आणि चाल लावली.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी निर्माता रस्टीनं कागद उलटून पाहिला. "व्हर्लीनबाई, तिसरं कडवं कुठंय? शेवट सांगितल्याशिवाय आपल्याकडे गोष्टीचं गाणं संपतं का? का माणूस दारातच वाळला?"

"सुचलं नाही."

"वाद्यवाल्यांची वेळ संपत आलीय. ओडेल, तेवढी जागा तूच वाजवून काढ."

ओडेलनं वाजवलं. शेवटचा स्वर वर चढलाच नाही, खालीच थरथरत विरला. काचेपलीकडे रस्टी यंत्र बंद करायचं विसरला.

मग उन्हाळाभर ते गाणं रेडिओवरून हवेत तरंगत राहिलं. पेट्रोल पंपावर, कपडे धुवायच्या दुकानात, मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या ट्रकांच्या उघड्या खिडक्यांत. गाडी चालवताना ते लागलं की व्हर्लीनला वाटे, हे आपण लिहिलेलं नाही. कुणीतरी लांब टेकडीवरून आपलं घर बघतंय आणि दिसेल ते सांगतंय.

नाश्त्याच्या दुकानातली डार्ला कॉफी ओतताना म्हणायची, "अगं, घे की त्या बिचाऱ्याला आत! डास फोडून खातायत त्याला."

ओडेलनं मात्र पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी यायचा, वाजवायचा, हॅट उचलून जायचा.

गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तशी रिवाजाप्रमाणे मेजवानी झाली. केक कापला, आणि रिवाजाप्रमाणेच लिहिणाऱ्यांना गाणं म्हणायला उभं केलं. व्हर्लीननं दोन कडवी म्हटली. तिसऱ्याच्या जागी कांडी सरकली. स्वर खाली येऊन थांबला.

"मग? पुढं काय झालं?" मागून डार्ला ओरडली.

सगळे हसले. ओडेलची नजर तारांवर होती, पण कान लालबुंद झाले होते. तो स्वर अजून थरथरत होता. व्हर्लीन त्याच्याकडे वळली. समोर माईक आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"क्लेटनचे बूट मी उद्या चर्चला देऊन टाकतेय, ओडेल," ती म्हणाली. "तिथं तुझे ठेव. आपण लग्न करू."