ट्यूलिपची हजामत

गल्लीत सगळे त्यांना कात्रीमामा म्हणत. चाळीस वर्षं सलून चालवलेला माणूस! वाढलेलं काही दिसलं की यांचे हात शिवशिवलेच. मागच्या अंगणातला ट्यूलिपचा वाफा मात्र बायकोचा. लेक झाली त्या वर्षी तिने तो लावला होता. थंडी ओसरली की लाल फुलं उमलायची. मग ती भल्या सकाळी चहा घेऊन पायरीवर बसायची आणि यांना हाक मारायची, "अहो, या की! गिऱ्हाईक काही पळून जात नाही." काय दिवस होते ते!

फुलं गळली की उरायची नुसती लोळणारी पानं. मामांना ती बघवत नसत.

"जरा कडेकडेने मारू का?"

"खबरदार हात लावाल तर! आपोआप वाळतात ती."

गेल्या वर्षी फुलं नुकतीच गळली होती, तेवढ्यात तिला इस्पितळात न्यावं लागलं. ती परत येणार म्हणून मामांनी घर लख्ख केलं आणि त्याच भरात ट्यूलिपची हिरवीगार पानंही मुळापासून उडवली. घरी आल्यावर तिने वाफा पाहिला. जराशी थबकली. मग हसून म्हणाली, "छान केलंत हो." मामांची छाती फुगली.

पुढच्या थंडीत ती गेली. आता मामांचा सगळा जीव त्या वाफ्यात अडकला. तिची फुलं तरी येतील! रोज उठून ओणवं होऊन बघायचे. चार मरतुकडी पानं आली, कळीचा पत्ता नाही. शेवटी त्यांनी लेकीला बोलावलं.

तिने माती उकरून एक कंद काढला. जेमतेम शेंगदाण्याएवढा.

"बाबा, पानं हिरवी असतानाच कापलीत ना? पुढच्या फुलाचं बळ कंदाला पानांतूनच मिळतं."

मामा पायरीवर बसले. "आणि हे तिला माहीत होतं?"

लेकीने मान खाली घातली. "हो. मला म्हणाली, 'त्यांना सांगू नकोस. एवढ्या हौसेने केलंय, हिरमुसतील. आणि पुढच्या फुलांना मी थोडीच असणार आहे?'"

मामांना रडू आवरेना. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि वाफ्याकडे बघत म्हणाले, "अगं वेडे, चांगलं झाडायचं होतंस की मला! तेवढंच आणखी थोडं ऐकलं असतं तुझं."