पन्नास सेंटांचं कासव

"शटर खाली ओढ, आर्लीन. अजून सहा वाजायचेत आणि ही गिधाडं आलीसुद्धा," बेव्ह म्हणाली, आणि गॅरेजच्या अर्ध्या उघडलेल्या दाराखालून डोकावणाऱ्या दोन जोडी बुटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुढे म्हणाली, "पाटीवर सात लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा."

बूट जरा मागे सरकले. गेले मात्र नाहीत.

आर्लीन डाल्बर्गबाईंना त्या माणसांची दया आली. मेची सकाळ असली तरी मिनेसोटातली सकाळ होती, दवाने गवत भिजलेलं होतं. त्यांनी विचारलं, कॉफी देऊ का त्यांना? शेजारीण बेव्ह रिंगस्टॅड हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. दर वर्षी मेमध्ये गॅरेज सेल, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाची विक्री, मांडणारी बाई ती. गावात कुणाची पहिलीच विक्री असली की बेव्हला बोलावल्याशिवाय टेबल मांडलं जात नसे. तिने आठवडाभर येऊन बाईंना धडे दिले होते. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवायची, कारण लाजरा माणूस विचारत नाही, निघून जातो. बर्फ उडवायचं यंत्र रस्त्याकडेला ठेवायचं, म्हणजे पुरुष गाडी थांबवतात. दिव्यांसाठी वायर ओढून ठेवायची, पेटवून दाखवला की दिवा खपतो. सुटे पैसे डब्यात नाही, पोटाशी बांधलेल्या एप्रनच्या खिशात. जे विकायचं नाही त्याच्यावर चादर, कारण उघडं दिसलं ते विकाऊ, हा गॅरेजचा कायदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तूची गोष्ट सांगत बसायचं नाही. गोष्ट ऐकली की गिऱ्हाईक हळवं होतं, वस्तू जागेवर ठेवतं आणि जातं.

बाकी सगळं बाईंना पटलं. हे शेवटचं मात्र त्यांना जमणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

सगळं आयुष्य त्यांनी लिंडेन गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. त्यांना मूलबाळ झालं नाही. नवरा रॉय जाऊन चार हिवाळे झाले. त्या हिवाळ्यांतच डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध एक धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माणसाचा चेहरा पाहायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. आता तालुक्याच्या गावी, म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत, त्यांना एक खोली मिळाली होती. खोलीत एकच फळी होती.

आणि घरात होत्या पहिलीच्या मुलांनी दिलेल्या वस्तू. मातीच्या वाट्या, हाताचे ठसे, लोकरीचे गुंडे, तीन कानांचा ससा. दर वर्षी जूनच्या तोंडावर, सुट्टी लागायच्या दिवशी, कुणी ना कुणी पाठीमागे लपवलेला हात पुढे करायचं. त्या वस्तूंवरून बाईंना रात्ररात्र झोप लागली नव्हती. गाव एवढंसं. ती मुलं आता बाप्ये झालेली, काही इथेच राहणारी, त्यांच्या आया तर इथेच. कुणाच्या मुलाने सहा वर्षांच्या हातांनी केलेलं काही टेबलावर किंमत लावून पडलेलं त्याच्या आईने पाहिलं, तर? बाईंना दुसरं काही नको होतं. यंत्र कवडीमोलाने गेलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंनी आमचं विकायला काढलं, असं एकाही घरात म्हटलं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

बेव्हनेही तेच बजावलं होतं. "भेट दिलेली वस्तू उलटी करून बघ. खाली नाव असतं. मी एकदा नणंदेने दिलेली बरणी नणंदेलाच विकली होती, अजून बोलत नाही माझ्याशी. तसा तोटा काही नाही झाला म्हणा."

बाईंना डोळ्यांनी नाव वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी वाचलं. मुलं ओल्या मातीत काडीने नाव कोरायची. प्रत्येक वस्तूच्या बुडावरून बाईंनी अंगठा फिरवला. अक्षर लागलं की ती वस्तू चादरीखालच्या खोक्यात. बूड गुळगुळीत लागलं की ती बाजारातली, पन्नास सेंटांच्या टेबलावर. बेव्हने सारखं म्हटलं, मी बघते. पण हे काम बाईंना स्वतःच करायचं होतं.

सात वाजले, शटर वर गेलं आणि माणसं आत आली. बर्फाचं यंत्र पहिल्या तासातच गेलं. रॉयचे मासेमारीचे गळ एका शेतकऱ्याने घासाघीस करून नेले. जुने विद्यार्थी आले, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, आणि बाईंसमोर आल्यावर हात खिशातून बाहेर काढून उभे राहिले. बाई त्यांना आवाजावरून ओळखत होत्या. जो तो निवडलेली वस्तू त्यांच्या हातात द्यायचा, बाई ती चाचपायच्या, किंमत सांगायच्या आणि मग तिची गोष्ट सांगायच्या. एका बाईने केकचं भांडं घेतलं होतं, बाईंनी त्यातला रॉयचा शेवटचा वाढदिवस सांगितला आणि तिने भांडं हळूच परत ठेवलं.

"अगं, दुकान मांडलंयस की वर्ग भरवलायस?" बेव्ह कानाशी येऊन म्हणाली. "आता तोंड उघडलंस तर तुझ्यावरच चादर घालीन."

बाई हसल्या. डोळे अधू झाल्यापासून इतकी माणसं एका दिवसात त्यांच्याशी बोलली नव्हती.

दुपारी गर्दी पांगली तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात एक गुळगुळीत, थंड वस्तू ठेवली. बाईंनी ती बोटांनी ओळखली. कासव. पाठीवर पेन्सिली खोवायला भोकं होती, त्यातलं एक इतकं बारीक की त्यात पेन्सिल शिरतच नसे.

"हे का? पन्नास सेंट," बाई म्हणाल्या. बेव्ह लांब होती, म्हणून त्यांनी आवाज जरा खाली आणला. "चर्चच्या बाजारातलं असणार. केलंय कुणी कोण जाणे. पाय बघ ना कसे चार दिशांना. बिचारं चाललं असतं तर जागच्या जागी फिरत राहिलं असतं."

समोरून हसू आलं नाही. दोन नाणी त्यांच्या तळहातावर ठेवली गेली, सावकाश, एकामागून एक.

"पाय वाकडे आहेत खरे," समोरची बाई म्हणाली. "त्याला घाई झाली होती."

आवाज लव्हॉन ओडेगार्डचा होता. बाईंनी मान वळवून तिच्या कानाकडे पाहिलं, तेव्हा डोळ्याच्या कडेला तिचा चेहरा आला. आणि मग, विचारायची गरज नसताना, त्यांनी विचारलं, "कुणाला?"

"ट्रॅव्हिसला."

लव्हॉनचा एकुलता एक मुलगा. सतराव्या वर्षी बापाच्या मक्याच्या कोठारात उतरला, घट्ट बसलेला मका मोकळा करायला, आणि पायाखालचे दाणे सरकले तसा मका त्याला घेऊन खाली गेला. बाहेर काढायला अख्खं गाव लोटलं होतं, पण जीव वाचला नाही. बाईही गेल्या होत्या, रॉयचा हात धरून बांधावर उभ्या होत्या.

बाईंनी शेजारची खुर्ची चाचपली. तीही विकायचीच होती, पाठीवर चिठ्ठी होती. "बस, लव्हॉन," त्या म्हणाल्या. लव्हॉन बसली. एक माणूस दिव्याची किंमत विचारायला आला. बेव्हला काही कळलं नव्हतं, पण बाईंचा चेहरा पाहून तिने त्या माणसाला दंडाला धरून दुसरीकडे नेलं.

"मी सगळ्यांवरून हात फिरवला होता," बाई म्हणाल्या. "नाव लागलं नाही हाताला."

"रंगाने लिहिलंय. वरून झिलई आहे. नाही लागायचं."

एवढं सोपं होतं ते. रंगाने लिहायची युक्ती बाईंनीच एका वर्षी काढली होती, काडीने बोटं टोचतात म्हणून. ते वर्ष त्या साफ विसरल्या होत्या.

लव्हॉनने मग सांगितलं, फार हळू, कुणाला दोष न देता. कासव मातृदिनासाठी केलं होतं. सगळ्या मुलांनी आपापल्या आईला दिलं. हा घरी घेऊन आला, तिला दाखवलं आणि म्हणाला, छान झालंय ना, म्हणून हे बाईंना देणार. तिला राग आला होता. हसण्यावारी नेलं, पण आला होता. पुढे कित्येक वर्षं ती त्याला चिडवायची, जा, तुझ्या बाईंकडे जेव.

बाईंनी नाणी पुढे केली. "हे घे, लव्हॉन. पैसे नकोत मला. तुझंच आहे ते."

"माझं नाहीये." लव्हॉनने त्यांची मूठ मिटवली. "त्याने तुम्हाला दिलं होतं. फुकट घेतलं तर तुम्ही परत केल्यासारखं होईल. दिलेलं परत करायचं नसतं, बाई. मी विकत घेतलंय."

नाणी बाईंच्या मुठीतच राहिली. वर्गात मूल रडलं की काय करायचं हे त्यांना माहीत होतं. इथे कुणी रडतही नव्हतं.

"आठवतो का तो तुम्हाला?" लव्हॉनने विचारलं. "खरं सांगा. आठवत नसेल तर नाही म्हणा. इतकी मुलं झाली तुमच्या हाताखाली."

समोरचं दिसेनासं झाल्यापासून मागचे चेहरे त्यांना स्पष्ट दिसत. पण लव्हॉनला गोड काहीतरी रचून सांगणं पाप झालं असतं. त्या आठवणींत शोधत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "त्याला कोटाची चेन लावता यायची नाही."

लव्हॉन खुर्चीत पुढे सरकली.

"खालचं टोक खाचेत बसायचंच नाही त्याच्याकडून. मी हात पुढे केला की हात मागे घ्यायचा. मी लावीन, म्हणायचा. चेन लावल्याशिवाय बर्फात सोडायचं नाही, हा माझा नियम. मग बाकीची पोरं खेळायची आणि हा दाराशी उभा राहून चेन लावत बसायचा, घंटा होईपर्यंत. मी त्याच्याजवळ उभी राहायचे. अख्खा हिवाळा तसा काढला आम्ही. जमली तेव्हा बर्फ वितळला होता."

लव्हॉनच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचाच होता तो.

"मग काय, चेन येते म्हटल्यावर कोट काढेना. मे महिन्यात, इतक्या उन्हात, गळ्यापर्यंत चेन लावून वर्गात बसायचा. घामाने डोकं भिजलेलं."

"मी भांडायचे त्याच्याशी," लव्हॉन म्हणाली. "रोज सकाळी. अरे उन्हाळा आलाय, काय वेड लागलंय का तुला. काढायचा नाही. मला वाटायचं नुसता हट्ट." ती बाईंकडे वळली. "मला सांगितलं का नाही त्याने?"

"तुला वाटत होतं ना की त्याला चेन पहिल्यापासूनच लावता येते? म्हणून नसेल सांगितलं."

लव्हॉनने कासव मांडीवर उलटं ठेवलं आणि ती बराच वेळ अंगठ्याने त्याचं बूड पुसत राहिली, जिथे हाताला काही लागत नव्हतं तिथे.

मग ती उठली. बाईंना वाटलं, निघाली. पण ती पन्नास सेंटांच्या टेबलाशी गेली आणि एकेक वस्तू उलटी करून खाली बघू लागली. बेव्हलाही तिने बोलावलं. बेव्ह आज पहिल्यांदाच काही न बोलता कामाला लागली. शेवटी लव्हॉन एक मातीची घंटा आणि एक पक्षी घेऊन आली. दोन्हींवर रंगाने नावं होती. घंटा मेलिसा ग्रूनवाल्डची. पक्षी धाकट्या हॅन्सनचा. दोघांच्या आया गावातच होत्या, एक किराणा दुकानात गल्ल्यावर, एक चर्चच्या मागे राहणारी.

बाईंनी हात पुढे केले. लव्हॉनने वस्तू दिल्या नाहीत. "मी पोचवते," ती म्हणाली. "जाताजाता वाटेवरच आहे. सांगीन, बाईंनी इतकी वर्षं जपलं होतं, आता खोली लहान आहे म्हणून तुम्हाला सांभाळायला पाठवलंय."

"विकायला मांडलं होतं ते मी, लव्हॉन. खोटं होईल ते."

"होऊ द्या. मी सांगणार आहे, तुम्ही नाही." तिने बेव्हकडे वळून बघितलं. "आणि तू?"

"मी कुठे काही पाहिलंय?" बेव्ह म्हणाली. "मी दिवे विकतेय."

बेव्हने एक खोका शोधला आणि वर्तमानपत्रं चुरगळून त्यात भरली. लव्हॉनने त्यात घंटा ठेवली, पक्षी ठेवला. कासव तिने वेगळं हातातच ठेवलं.

"खोलीवर येईन मी," ती जाताना म्हणाली. "असंच आणखी काही आठवलं तर ठेवा माझ्यासाठी. नाही आठवलं तरी येईन."

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. उन्हात सगळा रस्ता त्यांच्यासाठी एक पांढरा डाग होता. लव्हॉनची पावलं खडीवरून गेली. गाडीचं मागचं दार उघडलं, खोका आत सरकला, दार बंद झालं. मग पुढचं दार उघडलं. ती बसल्याचं कळलं. इंजिन मात्र तिने लगेच सुरू केलं नाही.

मग सीटचा पट्टा ओढल्याची सळसळ झाली आणि खटका बसला. आणि मग पुन्हा तशीच सळसळ आली, शेजारच्या सीटवर, जिथे आता कासव असणार, पुन्हा एक खटका बसला, आणि त्यानंतरच इंजिन सुरू झालं आणि, अगदी हळू, गाडी हलली.