शेकडो काचांची सरासरी

आमचे सर फार मोठा माणूस. ते स्वतःच सांगतात, म्हणजे शंकेला जागा नाही. त्यांची हुकमत क्वांटम स्पिन ग्लासवर. हे म्हणजे सूक्ष्म चुंबकांचं एकत्र कुटुंब: कोणाचं कोणाशी पटायचं नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, त्यामुळे सगळे तोंडं फिरवून गोठलेले. आडवं चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की एका ठिकाणी हे रुसवे सुटतात. ते ठिकाण संगणकावर शोधणं, हा माझ्या पीएचडीचा विषय.

दर वेळी नव्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि अशा शेकडो कुटुंबांची सरासरी काढायची, ही पद्धत. चिठ्ठ्या टाकणारा प्रोग्राम सरांनी तरुणपणी लिहिलेला. त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती.

निकाल आला तो दृष्ट लागावी असा. आलेखावर लहानमोठ्या कुटुंबांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तेच रुसवे सुटण्याचं ठिकाण; इथे सगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदल्या, तेही सरांनी भाकीत केलं होतं तिथेच. सरांनी परिषदेतलं भाषण ठरवून टाकलं. आईने तर शेजारीपाजारी मला डॉक्टर करूनही टाकलं.

मला मात्र चैन पडेना. जरासाही विस्कळीतपणा नाही? दोन कुटुंबांचे नमुने शेजारी ठेवले. भांडणं तीच. तिसरा काढला, तरी तीच. चिठ्ठ्या ज्या आकड्यापासून सुरू होतात तो सरांनी कधीकाळी तपासणीपुरता कायम केला होता आणि मग विसरून गेले होते; त्यामुळे दर वेळी त्याच चिठ्ठ्या निघत होत्या. आम्ही एकाच घरात शेकडो वेळा डोकावून अख्ख्या गावाबद्दल मत बनवलं होतं.

चूक सुधारून पुन्हा मोजलं. रेषा कुठेच छेदेनात. पदवी हातची गेली, या विचाराने मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. मग तोंड धुऊन सरांकडे गेले.

सरांनी दोन्ही आलेख शांतपणे पाहिले. "आधीचा जास्त छान दिसतो."

"सर, पण तो चुकीचा आहे."

"चुकीचा कसा? शेकडो वेळा तेच उत्तर आलंय. याहून भरवशाचं काय असतं?"

"लेखात मी नवाच आलेख पाठवणार आहे."

"खुशाल पाठव. माझं नाव त्यावर नको. आणि प्रबंधावर सहीही मागायला येऊ नकोस."

बाहेर येऊन आईला फोन केला, अजून बराच वेळ लागेल म्हणून सांगितलं. मग लेख उघडला आणि सरांचं नाव काढून टाकलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामात सुचवलेली ही पहिलीच खरी सुधारणा होती.