जिन्याचे तीन खांब

“हे तीन बघा!” जिन्याच्या कठड्यावर बॅटरीचा झोत टाकत मिस पेथब्रिज म्हणाली. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याची ती तपासनीस. “या कोरलेल्या पानांची धार बघा. तीनशे वर्षांपूर्वीचा हात आहे हा. असं काम करणारा आज शोधून सापडायचा नाही.”

खालच्या पायरीवर एर्नेस्ट टिलोट्सन टोपी चुरगाळत उभा होता. हॅल्डरविक हाउस या जुन्या हवेलीच्या सुतारकामात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती. अडकलेल्या खिडक्या, फुगलेली दारं, किडीनं खाल्लेल्या तुळया. ‘बरं झालं’ यापलीकडे त्याच्या कामाला कुणी काही म्हटलं नव्हतं.

आणि ते तीन खांब त्यानंच कोरले होते.

१९८४च्या हिवाळ्यात छत गळून खांब कुजले. सरकारी परवानगीची वाट बघत बसलं तर अख्खा कठडा जाईल, म्हणून घराच्या तेव्हाच्या मालकीणबाई हळूच म्हणाल्या, “एर्नेस्ट, तूच करून टाक. कुठे बोलू नकोस.” एका पडक्या कोठाराच्या ओकच्या तुळईतून अकरा आठवडे खपून त्यानं ते घडवले. पुढे बाई गेल्या, घर विश्वस्तांकडे आलं. तो बोलला नाही.

“वरच्या मजल्याचे जे बावीस खांब बदलायचेत, ते यांच्यावरूनच करून घेऊ. मापं उद्याच घ्या,” मिस पेथब्रिज म्हणाली.

शुक्रवारी एर्नेस्ट निवृत्त होणार होता. चार दिवस तोंड मिटून काढले की झालं.

“यांच्यावरून नको, मॅडम.”

“का बरं?”

“पानांच्या शिरा बघा. बाकीच्या खांबांवरच्या उजवीकडे झुकतात, या डावीकडे. मी डावरा आहे.”

मिस पेथब्रिज गुडघे टेकून वाकली. बॅटरीचा झोत शेजारच्या खांबावर गेला, परत आला. बराच वेळ तिथेच थांबला.

“तुम्ही केलेत हे?”

“मी.”

“परवानगीशिवाय? हा गुन्हा आहे, मिस्टर टिलोट्सन.”

“ठाऊक आहे.”

“मग बोललात कशाला? मला जन्मात कळलं नसतं.”

“माझी चूक बावीस वेळा व्हायला नको. ज्यानं हा जिना केला, तो उजव्या हाताचा होता.”

ती उठली, गुडघे झटकले. “मला अहवालात लिहावं लागेल.”

“लिहा की.”

“मघाशी या कामाबद्दल जे म्हटलं...” ती अडखळली. “ते मात्र मी मागे घेत नाही. पण नव्या लाकडावर वर्ष कोरायला हवं होतं तुम्ही.”

एर्नेस्ट कामाच्या खोलीतून पटाशी घेऊन आला. भिंतीचा आधार घेत खाली बसला आणि खांबांच्या मागल्या अंगाला, तळाशी, १९८४चा एकेक आकडा कोरू लागला. चारचे आकडे जरा तिरपे आले.

“नाव?” तिनं विचारलं.

“नको. पहिल्या कारागिरानंही घातलं नव्हतं.”

दोन वाजले, दार उघडलं, घर बघायला आलेली माणसं आत आली. एक म्हातारी धापा टाकत जिना चढली, तिसऱ्या खांबाला धरून जराशी टेकली, आणि वर गेली.