पुसलं गेलेलं सॅन फ्रान्सिस्को

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचा, जरासा चेपलेला. एका शाळेत वर्षानुवर्षं मुलांनी मला गरागरा फिरवलं. मग नवा गोल आला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून कसबा पेठेतल्या रहीम टेलरनं मला लेकीसाठी, नाजिमासाठी, घरी आणलं. तिचा भूगोल माझ्यावरच पक्का झाला. पुढं ती इंजिनियर झाली आणि मी कपाटावर चिंध्यांच्या ढिगात जाऊन पडलो. कोणी धूळही झटकेना.

मग नाजिमाला सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी लागली. तिची आई रझिया अडून बसली. "अहो, पोरीला एकटीला इतक्या लांब धाडायचं?"

रहीमनं मला खाली काढलं, माझ्यावर टेप लावली. "बघ, जेमतेम फूटभर! विमान दुपारी दोनला मुंबईहून सुटतं, साडेपाचला तिथं. साडेतीन तास! स्वारगेटहून मुंबई गाठायला याहून जास्त लागतात."

तिकिटावरच्या दोन वेळा त्यानं सरळ वजा केल्या होत्या. आता काय बोलावं! मला तर तोंडच नाही. रझिया मात्र त्यावर राजी झाली. निघताना प्रवासात राखण व्हावी म्हणून तिनं लेकीच्या दंडाला इमाम-जामिनचं नाणं बांधलं. "सुखरूप पोचलीस की सोड, गरिबाला दे, आणि आधी मला फोन कर."

साडेपाच वाजले. फोन नाही. सात वाजले, तरी नाही. नाजिमाचा फोन बंदच.

"तुम्ही पाठवलंत तिला! फूटभर म्हणालात!" रझिया रडायलाच लागली. रहीमच्या हातातली कात्री थांबली. तोही मनातून पार हादरला होता.

तेवढ्यात शेजारच्या मथुराबाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सगळं ऐकून त्यांनी टॉर्च मागितला, माझ्यावर धरला आणि मला हळूच फिरवलं. किती वर्षांनी!

"रहीमभाई, साडेपाच तिथले. इथं उजाडेल तेव्हा तिथं संध्याकाळ. साडेतेरा हजार किलोमीटर आहेत, सोळा तास लागणारच. पोरगी अजून हवेत आहे. आणि माझा ब्लाऊज काल मिळणार होता."

सकाळी फोन आला. "अम्मी, पोचले. इमाम-जामिन सोडला." रझियानं मला पदरानं पुसलं. हुश्श झालं बघा मला!

तेव्हापासून लेकीशी बोलताना रझियाचं बोट माझ्यावर, त्याच शहरावर असतं. दोन वर्षं झाली. यंदा नाजिमा सुट्टीला आली, तिनं मला फिरवून बघितलं. तिथं नुसता पांढरा पुठ्ठा.

"अम्मी, माझं शहर कुठं गेलं? थांब, चिठ्ठी चिकटवते."

"राहू दे," रझिया म्हणाली. "मला सापडतं."

नाजिमा परत गेली. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. फक्त माझ्यावरच्या त्या पांढऱ्या जागेला ओलं फडकं लावू नका. तिथं रोज कुणाचं तरी बोट टेकतं.