पेजेची रांग

पावसाने दगा दिला त्या साली कर्जतच्या बाजारात पेजेचं पातेलं चढलं, ते लवकर उतरलंच नाही. धर्मशाळेच्या पडवीत दिवेलागणीला भागी पेज वाढायची. त्यासाठी गावातल्या प्रत्येक घरावर पट्टी बसवली होती. कुंभारापासून मास्तरापर्यंत सगळे ती भरायचे आणि भरताना कुरकुरायचे. कारण रांगेत भिकारी थोडेच असत. बहुतेक सगळे मोहियुद्दीन शेठच्या दुकानातले नोकर.

ते दुकान म्हणजे पंचक्रोशीतलं सगळ्यात मोठं. भिवपुरीला वीजघराचं काम निघालं, डोंगरात मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचं तांदूळ, मीठ, रॉकेल, कापड सगळं शेठकडूनच जाऊ लागलं. दुकानामागे नव्या वखारी उठल्या. तोलणारे, मापणारे, गोणी वाहणारे मात्र दिवसभर राबून संध्याकाळी टोप घेऊन भागीसमोर उभे राहायचे.

"शेठच्या माणसांना आमी का पोसायचं?" असं लोक पट्टी देताना म्हणायचे. आपसात म्हणायचे, शेठसमोर कोणी नाही.

भागीचा धाकटा भाऊ गोमा त्याच दुकानात मापारी होता. रांगेत तो कायम शेवटी राही, मान खाली घालून. बहिणीच्या हातचं खायची त्याला लाज नव्हती; गावाने दिलेलं खायची होती. मानमोडीची साथ आली तेव्हा अंगात ताप घेऊनच तो कामावर गेला, कारण खाडा झाला की मजुरी कापली जाई. सकाळी वखार उघडली तेव्हा गोणींवर पालथा पडलेला सापडला. दुकानातली आणखी काही माणसं त्याच साथीत गेली. शेठने त्यांच्या जागी नवी घेतली.

भागी वाढताना कोणाचं तोंड बघत नसे. खाणाऱ्याला ते नको असतं, हे तिला भावामुळे कळलं होतं. ती हात बघायची. साथ ओसरल्यानंतर एका संध्याकाळी रांगेच्या शेवटी एक हात पुढे आला. कोपरापर्यंत तांदळाची भुकटी, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. गोणीचा आकडा लागून ते चिरलं होतं आणि त्यावर हळद भागीनेच भरली होती.

तिने डाव ओतला. पेज पडल्याचा आवाज झाला नाही. दुसरा ओतला. टोप भरेना, त्यातून वाफही येईना.

"पोट भरतंय का रं?" खाली बघतच तिने विचारलं.

मान वर केली तेव्हा एक पाठमोरी आकृती वखारीच्या बाजूला चालली होती.

दुसऱ्या दिवशी तो हात पुन्हा आला. मग त्याच्यामागे आणखी हात येऊ लागले. भागी कोणाला बोलली नाही. भाऊ उपाशी आहे म्हटल्यावर ती काय बोलणार? पेज पुरत नाही, एवढंच तिने पंचांना सांगितलं. पंचांनी पट्टी वाढवली.

पुढच्या वर्षी तोलणाऱ्या पोशाने दुकानातल्या माणसांचा संघ केला. त्याने मुंबईच्या गिरण्यांतला संप पाहिला होता. मजुरी वाढवा, तापाच्या दिवसाचे पैसे कापू नका, एवढंच त्यांचं मागणं. शेठ हसला. ऐन मजुरांच्या बाजारादिवशी सगळे उठले आणि नदीच्या वाळूत जाऊन बसले.

शेठने नेरळहून माणसं आणली. ती मागच्या वखारीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"आत कोण माप घालतंय," त्यांच्यातला एक म्हणाला. "मापाऱ्यासारखं लाभ, दोन, तीन मोजतोय. माणूस काय दिसत नाय."

शेठ स्वतः आत गेला. दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तांदळाची भुकटी होती. नेरळची माणसं संध्याकाळच्या गाडीने परत गेली. भिवपुरीहून माल न्यायला येणाऱ्या गाड्या दुसरीकडे वळू लागल्या, तेव्हा त्याने पोशाला बोलावून सगळं कबूल केलं.

त्यानंतर नोकर घरी जेवू लागले. उरलेल्या पैशांत त्यांच्या बायका शेठच्याच दुकानातून लुगडी नेऊ लागल्या. हाताला सवय झालेली माणसं टिकली, धान्य सांडायचं थांबलं. वर्षअखेरीला शेठचा मुलगा झहीर बाजारात सांगत होता की आपलं काही बुडालं नाही, उलट बरं चाललंय. पंचांनी पट्टी बंद केली. भागीने पातेलं घासून पालथं घातलं.

त्या संध्याकाळी ती पडवी झाडत होती. वळून पाहिलं तर रांग उभी होती. जिवंत माणूस त्यात एकही नव्हता. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे टोप पुढे.

भागी तशीच शेठच्या दारात गेली.

"शेठ, तुमची माणसं आलीत."

"कोणती गं? सगळी तर घरी गेली."

"ज्यांना घर नाय ती."

शेठ वहाणा घालून तिच्याबरोबर आला. पडवीशी येऊन थांबला आणि पहिल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिला.

"यांना काय हवं?" त्याने हळूच विचारलं.

"पेज. दुसरं काय मागतील?"

"गावाची पट्टी तर बंद झाली."

"गावाने लय दिवस दिली, शेठ."

त्याने दुकानातून तांदूळ आणवला. चूल पेटली. भागीने डाव घेतला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि स्वतः वाढायला बसला. यावेळी पेज टोपात पडल्याचा आवाज आला. गोमाची पाळी सगळ्यात शेवटी आली. त्याचा टोप काठापर्यंत भरला. त्याने मान वर केली, आधी शेठकडे पाहिलं, मग बहिणीकडे. भागीला तो पूर्वीसारखाच दिसला, जरा वाळलेला. तो वखारीकडे न जाता नदीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही असं भागीला वाटलं होतं. तरी तिने चूल पेटवली, आणि शेठही आला. उजेड गेला तशी चौक गावाच्या वाटेने माणसं येताना दिसली, कालच्यांसारखीच मेलेली, माना खाली घातलेली. तोंडं ओळखीची नव्हती. एकाच्या हाताला गूळ चिकटला होता, दुसऱ्याची बोटं निळीने निळी झाली होती. त्यांच्यामागे खालापूरकडून आणखी येत होती, आणि रांगेचं टोक दिसत नव्हतं.

शेठने भागीकडे पाहिलं. "ही माझी नाहीत," तो म्हणाला.

"नाय," भागी म्हणाली, आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.