कारबनचं दार

झाडाचं नाव ऐकलं तेव्हाच मथुराबाईनं कपाळाला हात लावला होता. "मिलिया डुबिया? नावातच डुबायचं हाय, मग लावता कशाला?"

पण उत्तरेश्वर बायकोचं ऐकणाऱ्यातला नव्हता. "लाकूड लई झपाट्यानं वाढतंय. पहिल्या झाडाचं तुझ्या न्हाणीला दार करतो," म्हणाला. न्हाणीला होता पोत्याचा पडदा. बाईला एवढं एक दार हवं होतं, म्हणून ती मुकाट्यानं रोपांना घागरीनं पाणी घालत राहिली.

झाडं खरोखरच विजेच्या खांबाएवढी झाली आणि नेमके तेव्हाच कुठल्याशा कंपनीचे साहेब उगवले. झाडं हवेतला कारबन पोटात साठवतात, तेव्हा ती उभीच ठेवायची, त्याचे पैसे कंपनी देईल, असं समजावून त्यांनी बांधावर माणसाएवढी पत्र्याची पाटी रोवली. त्या दिवसापासून मथुराबाईनं चुलीसाठी वाळकी काटकी मोडली तरी उत्तरेश्वर ओरडायचा, "अगं, कारबन सांडंल!"

"लंकेत सोन्याच्या विटा," ती पुटपुटायची.

पुढं त्यांच्या पोराचं, कृष्णराजचं लगीन ठरलं. सून आरोही मुरुम गावची. टाइल्सच्या बाथरूममध्ये वाढलेली पोर पोत्याआड आंघोळ कशी करील, या विचारानं मथुराबाईला लाज वाटे, रडू येई.

लग्नाच्या तोंडावर वावटळ आली. एक झाड आडवं झालं आणि शेजारी पाटीही. सुतारकी आणि वेल्डिंग दोन्ही करणाऱ्या बब्रुवानला घेऊन मथुराबाई शेतात पळाली. उत्तरेश्वर पडल्या झाडापुढं हात पसरून उभा होता.

"सायेबानं मोजल्याबिगर हात लावायचा न्हाय!"

"आन् ह्या पाटीला?" मथुराबाईनं विचारलं.

"तिच्यात कुठं कारबन हाय?" तो बोलून गेला. बब्रुवाननं तेवढ्यात पाटी उचललीसुद्धा.

लग्नानंतर पहिल्या सकाळी आरोही बादली घेऊन न्हाणीपुढं थबकली. नव्या दारावर ठळक अक्षरं होती : 'हात लावू नये. येथे कार्बन साठवला जातो.'

"आत्याबाई, जाऊ का आत?"

"जा माय. खुशाल लाव हात."

आतून कडी लागली. तो आवाज ऐकून मथुराबाईचा जीव भांड्यात पडला. ओट्यावर उत्तरेश्वर मात्र डोकं धरून बसला होता. "आता सायेब आले, पाटी कुठाय म्हणले, तर काय दाखवू?"

"दाखवा की ही. फकस्त बाहीर थांबा म्हणावं, आत सून हाय."